गॅस कालच भरला होता

सव्वीस एप्रिल. सकाळी गाडीच्या ए.सी.त गॅस भरून घ्यायचा होता. यादीतलं ते तिसरं काम. पहिलं आबांच्या महिन्याच्या गोळ्या, दुसरं दुखवट्याचे टॉवेल-टोप्या. दुसऱ्या दिवशी सटाण्याला आत्याचा दहावा होता आणि आबांना घेऊन जायचं ठरलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. एक्क्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डाव्या हाताची बोटं एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. एवढीच भाषा आमच्यात उरली. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. हृदयाच्या गोळ्यांमुळे आबांच्या अंगातलं पाणी कमी राहतं, घाम नीट येत नाही, त्यामुळे त्यांच्या अंगात एकदा ऊन शिरलं तर ते आपोआप उतरणार नाही. एप्रिल-मेमध्ये यांना बाहेर काढू नका. मी म्हटलं होतं, गाडीला ए.सी. आहे.

आत्या त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. ती गेल्याचं सांगितलं तेव्हा आबा भिंतीकडे बघत राहिले. दहाव्याला जायचं का, असं मी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिन्ही वेळा बोटं एकदाच आपटली. मग मी जास्त विचार केला नाही. जायचं तर जायचं.

माझं नाशिकला शिवणयंत्रं विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. यंत्र जड चालतं म्हणून बायका घेऊन येतात, मी दोन थेंब तेल सोडते, चाक फिरवून देते, पुढची. तेल संपतं, तेल घालायचं, यात कुणाचा दोष नसतो. ए.सी.च्या गॅसचंही मी तेच समजत होते.

गाडी जेमतेम तीन वर्षांची. पहिल्यांदा हवा गार येईना तेव्हा शोरूममध्ये नेली. तिथल्या पोरसवद्या साहेबाने हातातल्या टॅबवर बोट फिरवत सांगितलं की हवा गार करणारी आतली कॉइल बदलावी लागेल, त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, चार दिवस गाडी ठेवा. मी गाडी परत आणली. एकदा पूर्ण उसकटलेलं यंत्र पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, हे मला माझ्या दुकानात शिकायला मिळालेलं आहे. द्वारका चौकाच्या पुढे एक ए.सी.चं काम करणारे मिस्त्री आहेत, त्यांनी वीस मिनिटांत गॅस भरून दिला. गार हवा आली. विषय संपला.

तो गॅस दहा महिने पुरला. त्यानंतर भरलेला दीड महिना. त्याच्यानंतरचा बारा दिवस.

सव्वीस तारखेला मिस्त्रींनी नळ्या जोडल्या, दाबाच्या घड्याळाचा काटा बघितला आणि नेहमीसारखं लगेच भरायला घेतलं नाही. मागच्या वेळी त्यांनी गळती शोधायला गॅसबरोबर थोडा रंग सोडला होता म्हणे. इंजिन चालू करून ते गाडीखाली वाकले. ए.सी.चं पाणी जिथून खाली गळतं तिथे हातातल्या बॅटरीचा जांभळा उजेड धरला आणि मला वाकायला सांगितलं. जमिनीवरचे थेंब पिवळट हिरवे चमकत होते. साधं पाणी असं चमकत नाही.

"हे बघा ताई. गॅस आतून येतोय. पाण्याबरोबर."

मी म्हटलं, भरून द्या, उद्या वडिलांना सटाण्याला न्यायचंय.

"ताई, गॅस काय पेट्रोल हाय का, जळून संपायला? बंद नळीतला माल हाय. दहा वर्षं गाडी चालली तरी तेवढाच राहायला पाहिजे. कमी झाला म्हणजे गेला. अन् ज्या भोकातून गेला ते भोक काय बुजत नसतं, वाढत जातं."

नव्या गाडीला भोक कसं पडतं, असं मी जरा रागानेच विचारलं. ते हसले. नव्यांनाच जास्त, म्हणाले. जुन्या जीपची कॉइल जाड असायची, आता वजन कमी करायला पत्रा कागदासारखा केलाय. गॅसही पूर्वीच्या निम्मा. जुन्या गाडीत थोडा गेला तर हवा जरा कमी गार यायची, महिनाभर माणसाला कळत राहायचं. या गाडीत थोडा गेला की आतला संगणक ठरवतो आणि कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. पंखा चालू, दिवा चालू, सगळं चालू दिसतं. फक्त गार करणारं थांबलेलं असतं.

"दोन दिवस ठेवा, डॅशबोर्ड खोलतो. माझ्या हातचं काम हाय, नंतर डॅशबोर्डचा आवाज नाय येणार."

मी सांगितलं, उद्या दहावा आहे, तो परवावर ढकलता येत नाही. त्यांनी खांदे उडवले आणि गॅस भरला. किती दिवस जाईल असं विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मी निघताना काचेशी आले.

"वडील बसणारेत ना? मग गाडीवर भरवसा ठेवू नका. काच थोडी उघडी असू द्या."

मी मान हलवली. काच उघडी ठेवून ए.सी. चालवणं मला मूर्खपणाचं वाटतं. बाहेरची गरम हवा आत घ्यायची आणि ती गार करत बसायचं.

सत्तावीसला सकाळी सहाला निघालो. आबांना मागच्या सीटवर डावीकडे बसवलं, म्हणजे चालता हात दाराच्या बाजूला राहतो आणि त्यांना आधार घेता येतो. मागच्या दारांचं लहान मुलांचं लॉक मी वर्षभरापासून लावून ठेवलं होतं, कारण एकदा त्यांनी चालत्या गाडीत दार उघडलं होतं. ते आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. काच खालीवर करण्याचा त्यांना नाद होता, म्हणून माझ्या दारावरचं बटण दाबून मागच्या काचाही बंद करून ठेवल्या होत्या, त्या मागे बसून खाली होत नसत. या दोन्ही गोष्टी मी त्यांच्या सुरक्षेसाठी केल्या होत्या. हे मी नंतर दवाखान्यात एकाला सांगितलंही.

सोग्रस फाट्यापर्यंत गाडीत चांगलं गार होतं. फाट्याला वळलो, देवळ्याच्या अलीकडचा घाट लागला आणि चढावर हवा कोमट झाली. दोन-तीन मिनिटं. घाट उतरल्यावर पुन्हा गार झाली. मी आरशात बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते. मी पंखा एकने वाढवला. गाडी थांबवल्यावर डॅशबोर्डच्या मागून दातांतून श्वास सोडल्यासारखा बारीक आवाज यायचा, तो मला महिनाभर ऐकू येत होता. त्या दिवशी देवळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा तो जरा जास्त वेळ आला.

सटाण्याला नदीवर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. आरमच्या पात्रात पाणी नव्हतंच, टँकर आणून उभा केला होता. ओट्यावर विधी सुरू होता, माणसं शे-दीडशे. ओट्याला सात पायऱ्या आणि पुढे वाळू, तिथे चाकाची खुर्ची जात नाही. आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, पुढे आला. माझ्याशी तो एरवी मराठीच बोलतो, मन भरून आलं की अहिराणीवर जातो. त्याने मामांच्या पायाला हात लावला, आबांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. दोघांचंही बोलणं तेवढंच झालं. मग त्यानेच सुचवलं की मामांना खाली उतरवू नको, उन्हाचं. मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, इंजिन आणि ए.सी. चालू ठेवला, काचा वर. चावी आतच, दाराला लॉक नाही. कुणीही उघडू शकेल असं.

यात वेगळं काही नव्हतं. हल्ली लग्न असो, दहावा असो, मांडवापासून थोड्या अंतरावर अशी एक गाडी उभी असतेच. काचा बंद, इंजिन चालू, आत एक म्हातारं माणूस. लोक त्या गाडीपाशी जातात, काचेतून बघतात, नमस्कार करतात आणि पुढे जातात. दार उघडत नाहीत, आतली गार हवा जाईल म्हणून. मीही कितीतरी म्हाताऱ्यांना असा नमस्कार केलेला आहे.

साडेनऊला मी जाऊन बघून आले. गार होतं. आबांनी पाणी घेतलं. दहा मिनिटांत आवरेल, मग घरी जाऊ, असं मी म्हटलं. बोटं एकदा आपटली.

पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. बाभळीवर चार बसले होते, एकही खाली येईना. दहाव्याला हे होतंच. मग माणसं एकेक करून पिंडापुढे जाऊन शब्द देतात. नातवाचं शिक्षण पूर्ण करू, धाकटीचं लग्न करू, ओट्याला फरशी बसवू. काय राहिलं असेल ते सांगायचं आणि मागे सरायचं. कावळा तरी येईना. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचा जीव भावात होता, भावाकडचं कुणी बोला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे एक नजर टाकली. आतेभावाने मला हाताने थांबवलं.

"मामा गाडीमा शे, गार शे. तू बोल."

मी पुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, आत्या, आबांची काळजी करू नकोस, मी त्यांना नीट ठेवलंय.

कावळा आला नाही. त्यानंतरही पंधरा-वीस मिनिटं वाट बघितली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही. झालं तसं लिहिते आहे.

दुखवटा द्यायची वेळ आली म्हणून मी टॉवेल-टोप्यांची पिशवी आणायला गाडीकडे गेले. तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. लिंबाची सावली सरकून गाडीच्या मागे गेली होती, पुढच्या काचेवर आणि डाव्या बाजूवर पूर्ण ऊन. लांबून मला मागच्या काचेला टेकलेला तळहात दिसला. तो तिथे नुसता टेकलेला होता.

दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ आली. पंखा जोरात चालू होता आणि त्यातून बाहेरच्यापेक्षा गरम हवा येत होती. ए.सी.चा दिवा निळा, लागलेला. सगळं चालू दिसत होतं. आबांचं अंग कोरडं होतं, घामाचा थेंब नाही, आणि हात लावला तर तव्यासारखं. डोळे अर्धे उघडे. मी त्यांची डावी बोटं धरून माझ्या हातावर आपटून बघितली. सोडली की खाली पडत होती.

मी ओरडले नाही. ओरडून माणसं गोळा होतात आणि हवा अडवतात. चारही दारं उघडली, पिशवी उलटी केली, बारा नवे टॉवेल घेऊन टँकरच्या नळाखाली धरले. मानेला, काखेत, जांघेत, छातीवर ओले टॉवेल लावले. धोतर सोडवलं. आतेभावाने कांद्याचा पिकअप मागे आणला. उघड्या गाडीत वारा लागेल म्हणून आबांना त्यातच आडवं केलं. मी शेजारी बसून वाटभर टॉवेलांवर पाणी ओतत राहिले. वाटेत आतेभाऊ दोनदा मागे वळून बघत होता, त्याला मी रस्त्याकडे बघायला सांगितलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी ताप बघितला आणि पुन्हा बघितला. बंद गाडीत होते का, असं विचारलं. मी म्हटलं, गॅस कालच भरला होता.

"कसला गॅस?"

गाडीच्या ए.सी.चा, मी म्हटलं. त्यांनी पुढचं ऐकलं नाही, बर्फ मागवला.

दुपारी नदीवरची माणसं दवाखान्यात येऊ लागली. बाकावर एक गृहस्थ बसले, आत्याच्या शेजारचे, आबा शाळेत शिकवायचे तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"गुरुजींनी काच वाजवली होती. मला वाटलं, ओळखलं त्यांनी. मी हात जोडले अन् पुढं गेलो."

किती वाजता, असं मी विचारलं. त्यांना आठवेना. कावळ्याची वाट बघत होतो तेव्हाच कधीतरी. शेजारची बाई म्हणाली की तिनेही आबांना हात हलवताना बघितलं, तिनेही हात हलवला. आणखी एक जण निघाला, त्याने तर लांबूनच हात जोडले होते. संध्याकाळपर्यंत असे चौघे झाले. चौघांनीही चांगल्या मनाने केलं. बाहेरून हात लावला असता तर दार उघडलं असतं, ते चौघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही, कारण गाडी चालू होती, काचा वर होत्या, आणि अशा गाडीत माणूस सुखात असतो हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेच माहीत होतं. फक्त मिस्त्रींना तसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, उतरला म्हणजे सुटले असं नाही. मूत्रपिंडं काय करतात ते तीन दिवसांनी कळेल, मेंदूचं ते शुद्धीवर आल्यावर कळेल. मी कागदांवर सह्या केल्या, आतेभावाला घरी पाठवलं आणि बाकावर बसून राहिले.

अठ्ठावीसला सकाळी सहाला नर्सने बोलावलं. आबांचे डोळे उघडे होते. मी त्यांच्या डाव्या हाताखाली माझा तळहात ठेवला. मी कोण, कुठे आहोत, असलं काही विचारलं नाही. समजतंय का, एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. मग एक बोट हललं, एकदा.

मी म्हटलं, "आबा, मागच्या काचा मी बंद करून ठेवल्या होत्या. बटण दाबून. तुम्हाला माहीत होतं?"

बोट एकदा हललं.

काच मला बोलवायला वाजवत होता का, हे पुढचं विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांना पाण्याचे चार चमचे पाजले, नर्सला सांगितलं आणि पायी नदीवर गेले.

गाडी तशीच उभी होती. कुणीतरी इंजिन बंद करून दारं लावली होती. डाव्या मागच्या काचेवर आतून हाताचे ठसे होते. वरचे चांगले पाच बोटांचे, खालचे फरफटलेले. पर्समध्ये यंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर नेहमी असतो, त्याने मागच्या दोन्ही दारांच्या कडेची लॉकची खिट्टी सरकवली आणि आत बसून दारं आतून उघडतात का ते दोनदा बघितलं. मिस्त्रींना फोन लावला. गेला का गॅस, असं त्यांनी विचारलं. गेला, म्हटलं, परवा गाडी आणते, डॅशबोर्ड खोला. वडील कसे आहेत हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अजून कळायचंय.

मग माझ्या दारावरचं बटण सोडवलं आणि चारही काचा खाली घेतल्या. ठसे काचेबरोबर दारात गेले. ए.सी.चं बटण बंद केलं आणि गाडी दवाखान्याकडे वळवली.